गुडघे-सांधे धरलेत? आधी वात कुठला ते ओळखा

मालवण (प्रतिनिधी) : भात लावणी आटोपली आणि व्हाळांचं पाणी जरा ओसरलं की तालुक्यातल्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते, 'गुडघे धरलेत'. कुणाची बोटं सकाळी मिटत नाहीत, कुणाला उंबरठा ओलांडताना भिंतीचा टेकू लागतो, कुणी मासे घेऊन बाजारात बसलं की उठताना दोन माणसं लागतात. घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं : 'वय झाला, आता दुखतलाच'. मग कुणीतरी तेल सांगतो, कुणी पुडी आणून देतो, आणि दोन-चार वर्षं अशीच निघून जातात.

या सगळ्याला गावात एकच शब्द आहे, वात. खरी अडचण इथूनच सुरू होते. वात म्हणून ज्याला आपण ओळखतो ते किमान चार वेगळे आजार आहेत. एकाला चालणं हे औषध आहे, दुसऱ्याला काही महिन्यांच्या आत योग्य गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर बोटं कायमची वाकडी होतात, तिसऱ्याचा संबंध ताटातल्या माशांशी आणि दारूशी आहे आणि चौथा तापासोबत येतो. शेजारणीला ज्या गोळीने बरं वाटलं ती आपल्यालाही चालेल असं म्हणूनच धरून चालता येत नाही.

भिगवणात काय सापडलं

खेड्यात सांधेदुखी किती आहे याचा चांगला अभ्यास महाराष्ट्रातच झालेला आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाचा तो भाग होता. तपासलेल्या ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा जणांना, सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. झिजेचा संधिवात शंभरात सुमारे सहा जणांना आणि आमवात दोनशेत साधारण एकाला निघाला. राहिलेल्यांत मोठा वाटा होता तो सांध्याच्या आजूबाजूचे स्नायू, शिरा दुखण्याचा, म्हणजे कष्टाच्या दुखण्याचा.

भिगवण घाटावरचं, मालवण किनाऱ्यावरचं, पण कष्टाची जात सारखीच. आपल्याकडे बाई लावणीला दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभी असते. काजूच्या हंगामात बी वेचायला पुन्हा तेच वाकणं. रापण ओढणारा ओल्या वाळूत टाच रोवून पूर्ण अंगाने मागे झुकतो. दांडी, देवबागच्या किनाऱ्यावर मासे निवडणाऱ्या बायका तासन्‌तास उकिडव्या बसतात. रोज बराच वेळ उकिडवं बसणं, गुडघ्यावर टेकून काम करणं आणि ओझं उचलणं यांनी गुडघ्याची झीज वाढते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसून आलंय.

चार प्रकार, चार वागणुकी

पहिला आणि सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे झिजेचा संधिवात. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजते, हाडाला बारीक टोकं फुटतात आणि आजूबाजूचे स्नायू कमकुवत होतात. 'गॅप कमी झाला', 'वंगण संपलं' असं जे म्हणतात ते हेच. साधारण पन्नाशीनंतर सुरुवात होते. जिना उतरताना, बसून उठताना, दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी जास्त दुखतं. विश्रांती घेतली की बरं वाटतं. सकाळी सांधा आखडतो, पण पंधरा-वीस मिनिटांत सुटतो. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक्स-रे मध्ये झीज किती दिसते आणि माणसाला दुखतं किती, यांचा मेळ बसतोच असं नाही. फोटोत गॅप गेलेला माणूस डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालतो आणि फोटो बरा असलेला अंथरुण धरतो. त्यामुळे नुसता फोटो बघून घाबरून जाऊ नये.

दुसरा आमवात. हा झिजेचा आजार नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चुकून सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पटीने जास्त होतो आणि म्हातारपणाची वाट बघत नाही, तीस-चाळीसच्या वयातही येतो. ओळखायची खूण सकाळची आहे. उठल्यावर हाताची बोटं, मनगटं तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेली असतात, भाकरी थापता येत नाही, ब्लाऊजचं बटण लागत नाही. दोन्ही हातांचे तेच सांधे सुजतात, हाताला गरम लागतात. कामाला लागल्यावर उलट जरा सैल वाटतं. अंगात बारीक कसर, थकवा, वजन उतरणं हेही सोबत असतं. असं सहा आठवड्यांच्या वर चाललं तर तेल चोळत बसू नये. रक्ताच्या तपासण्या, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, करून डॉक्टरांकडून निदान करून घ्यावं. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आमवात असू शकतो, म्हणून एका रिपोर्टवर समाधान मानू नये.

आमवाताला मुख्य गोळी बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट असते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते आणि अशा चुका खरोखर होतात, कारण घरात बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. वार ठरवून घ्यावा, समजा रविवार, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. सोबत फॉलिक अॅसिड दिलेलं असतं ते सोडू नये. ठरावीक महिन्यांनी रक्त आणि लिव्हर तपासावं लागतं, दारू चालत नाही, आणि मूल हवं असलेल्या बाईने डॉक्टरांना आधी सांगावं. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणारे बरेच असतात, त्यांचंच नुकसान होतं.

तिसरा गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक अॅसिड वाढून त्याचे खडे सांध्यात बसणं. हा बहुधा पुरुषांना, आणि रात्रीचा येतो. पायाचा अंगठा मुळाशी लालभडक सुजतो, अंगावरची चादरही लागू देत नाही. चार-आठ दिवसांत ओसरतो आणि माणूस विसरतो, मग परत येतो. ऐन दुखण्यात केलेली युरिक अॅसिडची तपासणी कधी कधी नॉर्मल येते, म्हणून दुखणं गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी. उलट, काहीच दुखत नाही आणि फक्त रिपोर्टमध्ये युरिक अॅसिड थोडं जास्त आहे, तर बहुतेकांना गोळीची गरज नसते.

चौथा, तापासोबतचं दुखणं. चिकनगुनियात ताप चार दिवसांत जातो पण सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते भोगलंय. मात्र आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात आणखी एक आजार ध्यानात ठेवावा लागतो, लेप्टोस्पायरोसिस. शेतात पाण्यात, चिखलात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या, मांड्या दाबल्यावर कळ येते, डोळे लाल होतात, तर तो वात नव्हे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. उशीर झाला तर किडनी आणि फुफ्फुसावर जातं. तापात सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेऊ नये, डेंग्यू असला तर रक्तस्राव होऊ शकतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलच बरी. आणि एकच सांधा अचानक सुजून गरम झाला, सोबत थंडी-ताप आहे, पाय टेकवत नाही, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशोब असतो.

पुडीत काय असतं

गावात, आठवडी बाजारात, कधी जत्रेत, तर कधी पाहुण्यांमार्फत घाटावरून पुड्या येतात. नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही' एवढंच. दोन दिवसांत माणूस उड्या मारायला लागतो. हीच शंकेची जागा आहे. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणारं औषध म्हणजे बहुधा स्टिरॉइड, नाहीतर जोरदार वेदनाशामक. देशभरात अशा 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी-गोळ्यांच्या तपासण्यांत स्टिरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं वारंवार सापडलेलं आहे. यात आयुर्वेदाचा दोष काही नाही. नोंदणीकृत वैद्य औषधाचं नाव लिहून देतो, पुडीवाला देत नाही, फरक इतका सोपा आहे.

स्टिरॉइड हे वाईटच औषध असं नव्हे. आमवातात डॉक्टर ते मोजून, थोडे दिवस देतात. पण नकळत महिनोन्‌महिने पोटात गेलं की तोंड गोल आणि सुजल्यासारखं होतं, भूक वाढते, पोट सुटतं, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं होतं. साखर आणि बीपी वाढतं, मोतीबिंदू लवकर येतो, हाडं ठिसूळ होतात आणि साध्या पडण्यात खुबा मोडतो.

इथे एक मोठी काळजी घ्यायची असते. जे कुणी दोन-तीन महिने किंवा जास्त काळ अशी पुडी घेत आहेत त्यांनी हे वाचून उद्यापासून ती एकदम बंद करू नये. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं; अचानक बंद केल्यावर उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरकडे जावं, लपवू नये. ते हळूहळू कमी करून देतात.

बिब्बा घालणं आणि डाग देणं अजून पूर्ण गेलेलं नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, त्या जळजळीपुढे आतलं दुखणं थोडा वेळ जाणवत नाही, एवढाच त्याचा गुण. मधुमेह असलेल्याला तीच जखम महिनाभर चिघळते. त्यापेक्षा निगडीच्या पाल्याचा शेक बरा. शेकाने, तेलाच्या हलक्या मालिशने स्नायू सैल होतात, झोप लागते, हे खरं आहे आणि करायला हरकत नाही. कूर्चा मात्र कुठल्याही तेलाने परत येत नाही, बाटलीचा भाव कितीही असो. शेक वीस मिनिटांच्या वर नको. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर पाण्याचं तापमान दुसऱ्याने बघावं, कारण भाजलेलं कळत नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर शेक न देता फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. बर्फ आपल्याकडे मासळीच्या पेटीतसुद्धा असतो, फक्त तो स्वच्छ पिशवीत घालून.

दुखण्याच्या गोळ्या : मेडिकलवाल्याला विचारायच्या आधी

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या चार-पाच दिवसांसाठी उपयोगी आहेत, वर्षभरासाठी नाहीत. पोटात अल्सर होतो, शौचाला काळी होते, बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो. सोबत दिलेली अॅसिडिटीची गोळी पोट सांभाळते, किडनी सांभाळत नाही. ज्यांना बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू आहे त्यांनी वर दुखण्याची गोळी घेतली तर तिन्ही मिळून किडनीला धक्का देतात. एप्रिल-मे मध्ये घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना हे जास्त होतं. पायावर सूज, लघवी कमी, दम लागणं दिसलं तर गोळी थांबवून लगेच दाखवावं.

गुडघा आणि बोटं यांच्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल चांगलं काम करतं आणि पोटातून घेतलेल्या गोळीपेक्षा कितीतरी कमी त्रासाचं आहे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं जास्त, हलक्या हाताने लावायचं. जोरात रगडायचं नाही. जनऔषधी केंद्रात ते स्वस्त मिळतं. पॅरासिटामॉल साधी वाटते पण म्हाताऱ्या माणसाने दिवसाला सहा गोळ्यांच्या (५०० मिलिग्रॅमच्या) वर जाऊ नये. सर्दीच्या आणि दुखण्याच्या जोडगोळ्यांतही तीच असते हे मोजताना धरावं.

कॅल्शियमबद्दलही गैरसमज फार. हाड ठिसूळ होणं आणि सांधा झिजणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व कमी असेल तर ते घ्यावं, पण त्याने गुडघ्याचं दुखणं जाईल ही अपेक्षा नको. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांचा फायदा अभ्यासांत फारसा ठरलेला नाही. ते पैसे चांगल्या चपलेला घातलेले बरे.

घर, शेत, किनारा

झिजेच्या वातात अर्धं औषध घरातच असतं. उकिडवं बसणं, मांडी घालणं आणि जमिनीवरून उठणं या तीन गोष्टींत गुडघ्यावर सर्वात जास्त ताण येतो, आणि आपलं सगळं घर जमिनीवर आहे. आडाळ्यावर बसून मासे कापणं, नारळ खवणं, न्हाणीत खाली बसून कपडे धुणं, खळं सारवणं. सगळं बदलता येत नाही, पण आडाळो उंच, घट्ट टेबलावर ठेवून उभ्याने किंवा स्टुलावर बसून कापता येतं. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल ठेवावं. खळं सारवायला आणि लादी पुसायला लांब दांड्याचं फडकं. मासळी बाजारात बसणाऱ्या बाईने पाटाऐवजी क्रेट पालथा घालून त्यावर पोतं टाकावं, बसायची उंची गुडघ्याइतकी झाली की उठणं निम्म्याने सोपं होतं. अर्ध्या तासाने एकदा उभं राहून चार पावलं टाकावीत, गिऱ्हाईक कुठे जात नाही.

संडासाचा विषय लाजेपोटी राहून जातो. भारतीय भांड्यावर ठेवायची मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते, नवीन बांधणाऱ्याने एक तरी कमोड करावाच. बाजूच्या भिंतीला हाताने धरायला एक पाइप पक्का बसवावा. म्हातारी माणसं खाली बसायच्या भीतीने पाणी कमी पितात, त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचा त्रास, हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

आपल्या वाड्यांमधल्या चिऱ्याच्या पायऱ्या आणि घाट्या पावसात शेवाळतात. गणपतीला मुंबईकर येण्याआधी त्या खरवडून घेतल्या जातात. खरं तर जूनमध्येच एकदा खरवडून ब्लिचिंग टाकलं पाहिजे, कारण खुबा मोडण्याची सुरुवात इथेच होते. पायरीला एका बाजूने दोर किंवा पाइप लावावा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. बहुतेक जण उलट धरतात. काठीची उंची मनगटाच्या घडीपर्यंत, खाली रबर असलेली.

शेतात लावणीचं काम एका बाईने सलग न करता अर्ध्या-पाऊण तासाने बांधावर येऊन कंबर मागे ताणावी, तरवा काढणं आणि लावणं आलटून पालटून करावं. कापणीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा हलका पडतो, मनगट आणि खांद्याचा झटका कमी होतो. काजू बी वेचायला लांब काठीची जाळी-झेला प्रकारची साधनं मिळतात, नसली तर टोपली कमरेला बांधून एका जागी वाकण्यापेक्षा पाऊल पुढे टाकत वेचावं. ओझं डोक्यावरून वाहण्याआधी दोन खेपा कराव्यात, एक जड खेप वाचवून गुडघ्याला परवडत नाही.

भजनाला, आरतीला मांडी घालून बसता येत नाही म्हणून बरीच म्हातारी माणसं जायचीच बंद होतात. मंडळांनी दोन-चार खुर्च्या कडेला ठेवल्या तर काही बिघडत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनी घडीची खुर्ची किंवा काठी सोबत ठेवावी, गर्दी कमी असते ती वेळ निवडावी.

चालणं आणि व्यायाम

'दुखतं म्हणून चालू नको' हा सल्ला झिजेच्या वातात उलटा पडतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा खरा खांब आहे. तो सुकला की सगळा भार सांध्यावर येतो. तीन व्यायाम पुरेत. एक, पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून पाच आकडे धरायचा. दोन, पाठीवर झोपून एक पाय वाकवलेला, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे, खाली. तीन, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि हळू बसायचं. प्रत्येक दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. दोन-तीन आठवड्यांत फरक कळत नाही, दोन महिन्यांत कळतो.

किती करावं याचं माप सोपं आहे. व्यायामानंतर दुखणं दोन तासांत मूळ जागी आलं तर ठीक, त्याहून जास्त राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करावं, बंद नाही.

चालायला किनारा जवळ असला तरी सुक्या, भुसभुशीत वाळूत दुखरे गुडघे घेऊन चालू नये, आणि पाण्याजवळची कडक वाळू एका बाजूला उतरती असते. सपाट डांबरी रस्ता बरा, सकाळी ऊन व्हायच्या आत, अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. पावसात चालणं बंद पडतं आणि मग 'पावसाळ्यात वात वाढतो' म्हणतात. ढगाळ, दमट हवेत दुखणं जास्त जाणवतं असं बरेच जण सांगतात, पण पावसाने सांधा झिजत नाही. चार महिने बसून राहण्याने मात्र तो नक्की आखडतो. पडवीत फेऱ्या मारता येतात.

वजनाचा हिशोब अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोजलेला आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. पाच किलो उतरवले तर पावलामागे वीस किलो.

मासे बंद करावेत का?

झिजेच्या वातात आणि आमवातात मासे बंद करायचं काही कारण नाही. बांगडा, तारली यांतल्या तेलाने सूज थोडी कमी व्हायला मदतच होते. गाऊट असलेल्याने मात्र तारली, बांगडा, सुंगटं, कालवं, कलेजी यांना हात आखडता घ्यावा आणि दारू, विशेषतः बियर, सोडावी. पाणी भरपूर प्यावं. गाऊटची रोजची गोळी डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नये. सोलकढी, आमसूल, चिंच, वांगी यांनी वात वाढतो याला आधार नाही. एखाद्याला अमुक खाल्ल्यावर त्रास होतो असं खरंच वाटत असेल तर त्याने ते सोडावं, पण सगळ्या घराची कढी बंद करायची गरज नाही. सुकी मच्छी आणि लोणच्यातल्या मिठाने बीपी वाढतं, ती काळजी वेगळी. पेज, कुळथाची पिठी, नाचणी, पालेभाजी हे आपलं जुनं जेवण वजन राखायला चांगलं आहे. साखरेचा चहा दिवसाला पाच वेळा, हे नाही.

ऑपरेशन आणि पैसे

औषध, व्यायाम, वजन सगळं करून झालं, तरी रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालता येत नाही, पाय धनुष्यासारखा वाकला, तेव्हा सांधा बदलण्याचा विचार करतात. ऑपरेशनला लोक घाबरतात, पण हे आता नेहमीचं ऑपरेशन झालंय. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. चांगला बसलेला सांधा बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं जातो. ऑपरेशननंतरचे दोन-तीन महिने फिजिओथेरपीचे असतात, ती टाळली तर खर्च पाण्यात. आणि नव्या गुडघ्याने उकिडवं बसायचं नसतं, म्हणून घरात कमोड आधी झाला पाहिजे. गुडघ्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. एकाच सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर नको.

खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याला तोवर सरासरी दीड लाखाच्या वर पडत होते, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी, तो रुग्णाचा हक्क आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. सगळ्या संलग्न रुग्णालयांत सांधा बदलण्याचं ऑपरेशन योजनेत होतंच असं नाही, म्हणून दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं किंवा १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. अॅडव्हान्स भरून मग विचारू नये.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. २०२४ पासून ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३००० रुपये बँक खात्यात मिळतात. अर्ज सध्या घेतले जात आहेत का हे ओरोसच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावं. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि स्वयंघोषणापत्र लागतं.

दाखवायचं कुठे

सुरुवात गावच्या उपकेंद्रातून. तिथे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे बीपी आणि साखर तपासून घ्यावी, कारण दुखण्याची कुठलीही गोळी सुरू करण्याआधी हे दोन आकडे हवेत. नंतर आचरा, मसुरेसारखं जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मालवणचं ग्रामीण रुग्णालय. हाडांच्या डॉक्टरची गरज असेल, आमवाताची शंका असेल तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, जे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथूनही पुढे पाठवलं तर आपली माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात. मालवणहून कसालमार्गे ओरोसला एसटीने जाणाऱ्या ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट. आधार कार्ड सोबत ठेवावं. एसटीची पहिली पायरी उंच असते, चढताना बरा पाय आधी आणि मागे घरचं एक माणूस.

जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पुड्यांसकट, एका पिशवीत घालून न्यावीत. कुठला सांधा, कधीपासून, सकाळी किती मिनिटं आखडतो, ताप येतो का, हे चार मुद्दे मोबाईलवर किंवा कागदावर लिहून ठेवावेत. ओपीडीत डॉक्टरला पाच मिनिटं मिळतात, त्यात 'सगळा अंग दुखता' एवढंच सांगून आलं तर हातात दुखण्याचीच गोळी पडते.